भिंगारच्या कुलपाचा उजवा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, आणि त्यातही उजवा. माझ्या कुशीला वरच्या काठापासून तळव्यापर्यंत एक सरळ चीर आहे. ती झिजून पडलेली नाही, मोच्याच्या रापीने कापलेली आहे. असली आत्मवृत्तं तुम्ही शाळेत वाचली असतील. त्यात शेवटी सांगतात की वस्तूंनाही मन असतं, त्यांची काळजी घ्या. मला वस्तूंचं काही सांगायचं नाही. माझ्या आत एक पाय होता. जे सांगायचं आहे ते त्या पायाबद्दल आहे.

कानपूरकडच्या एका कारखान्यात लष्करासाठी आमची हजारोंनी शिलाई झाली. जाड म्हशीचं कातडं, तळव्याला लोखंडी खिळे, टाचेला नाल. माझा पहिला धनी एक शिपाई होता. तो मला घालून अहमदनगरच्या छावणीत कवायत करायचा. मग त्याला नवा जोड मिळाला, तो आगगाडीत बसून लढाईवर गेला आणि मी मागे राहिलो. त्याचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. माझ्यावर रद्दीचा शिक्का बसला, गोणीत कोंबून मला छावणीलगतच्या भिंगारच्या बाजारात आणलं आणि ती गोणी छगन मोच्याने घेतली.

छगन तोंडाचा कुचकट होता, पण त्याच्या हाताला गुण होता. छावणीतल्या देशी खेळाडूंना विलायती बूट कुठून परवडणार? छगन लष्करी बुटांचे खिळे उपटायचा, तळव्याला कातड्याच्या आडव्या पट्ट्या ठोकायचा आणि त्याचे फुटबॉलचे बूट करून द्यायचा. त्याची एक रीत होती. तयार झालेला बूट तो पाण्यात बुडवून ठेवायचा आणि ज्याचा असेल त्याला ओलाच घालायला लावायचा. मग वाळेपर्यंत तो पायातून काढू द्यायचा नाही. ओलं कातडं वाळताना आवळतं आणि पायावर नेमकं बसतं. ‘बूट न्हाई, पायाचं सालटं झालं पायजे,’ असं तो प्रत्येकाला ऐकवायचा. माझं सालटं झालं ते मच्छिंद्रच्या पायाचं.

मच्छिंद्र लष्कराच्या एका डेपोत रोजंदारीवर हमाल होता. तंबू आणि घोंगड्यांच्या गासड्या पाठीवरून न्यायच्या आणि थप्पीला लावायच्या, हे त्याचं काम. संध्याकाळी तो डेपोच्या संघात बॅक खेळायचा. बॅक म्हणजे आपल्या गोलापुढे उभा राहून समोरच्याला अडवणारा. मी येण्याआधी तो घोट्याला चिंध्या गुंडाळून अनवाणी खेळे आणि गोऱ्या सोल्जरांचे बूट त्याची नखं उडवून जात. तरीही ते त्याला ओलांडून पुढे जात नसत.

त्याचा खेळ कसा होता ते माझ्याकडून ऐका, कारण तो सगळा माझ्यातूनच गेला. त्याच्या पायाला घाई नव्हती. समोरचा धावत आला की हा उभाच. अंग थोडं एका बाजूला झुकवायचा आणि समोरच्याला वाटायचं की दुसरी बाजू मोकळी आहे. तो तिकडे वळला की माझं टोक हलकेच पुढे व्हायचं. चेंडू आमच्याकडे यायचा आणि तो बिचारा चेंडू नसतानाच दोन पावलं पळत राहायचा. मच्छिंद्रने कधी कुणाला पाडलं नाही, कुणाच्या नडगीवर मला मारलं नाही. लोक त्याला ‘कुलूप’ म्हणायचे. भिंगारचं कुलूप. हे नाव ऐकलं की मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

संघ चालवायचे सुमंतसाहेब. ते डेपोतले हेडक्लार्क होते. पांढरी पँट, हातात छत्री आणि गोड बोलणं. जन्मात त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता, पण बाजारपेठेच्या फुटबॉल स्पर्धेचा कप आपल्या टेबलावर हवा अशी त्यांची फार इच्छा होती. मच्छिंद्रला बूट त्यांनीच करून दिले आणि दिले तेही डेपोच्या फाटकात चार माणसं जमवून. त्यांनी आणखी एक गोष्ट कबूल केली होती. स्टोअरमध्ये एक पक्की जागा निघणार होती. कप जिंकला की ती जागा मच्छिंद्रची. पक्क्या जागेबरोबर चाळीत राहायला एक खोली मिळणार होती.

ती खोली मच्छिंद्रपेक्षा त्याच्या आईला हवी होती. केशरबाई टांग्याच्या घोड्यांसाठी गवत विकायची. माळावरून कापून आणायची, भारे बांधायची आणि टांगा अड्ड्यावर बसायची. मायलेक गवतबाजाराच्या मागे एका पत्र्याच्या आडोशाला राहत. तिथे पाऊस वरून येई आणि खालूनही येई. केशरबाई भाऱ्याला एक खास गाठ मारायची. ओढावी तितकी ती आवळत जायची, पण तिचा शेवट कुठे दडवला आहे हे माहीत असेल तर एका हिसक्यात सुटायची. मच्छिंद्रने लहानपणी ती गाठ तिच्याकडून उचलली होती. माझी नाडी तो तशीच बांधायचा. ती गाठ त्या दोघांखेरीज कुणाला सुटत नसे.

त्या साली, लढाई चालू असतानाच, डेपोचा संघ बाजारपेठ कपाच्या शेवटच्या दोन सामन्यांपर्यंत पोचला. नवरात्र चालू होतं. शनिवारी उपान्त्य सामना आणि रविवारी अंतिम सामना. शुक्रवारी परतीचा पाऊस येऊन गेला होता, त्यामुळे मैदानात चिखल होता. शनिवारी समोर एका पलटणीचा संघ होता आणि त्यांचा पुढचा खेळाडू रेड्यासारखा दांडगा होता. सामना संपत आला असताना तो आणि मच्छिंद्र एकाच चेंडूवर गेले. चेंडू मच्छिंद्रने काढला. पण त्या गड्याला थांबता आलं नाही, किंवा थांबायचं नव्हतं. त्याचं सगळं वजन टाचेवर आलं आणि टाच माझ्या घोट्यावर आली. आत काहीतरी तडकलं. ओली फांदी मोडावी तसा तो आवाज होता आणि तो फक्त मी ऐकला. पंचाने शिट्टी वाजवली नाही. मच्छिंद्र उठला आणि सामना संपेपर्यंत लंगडत उभा राहिला. आम्ही जिंकलो.

सामना संपल्यावर तो गोलामागे बसला आणि त्याने माझ्या गाठीला हात घातला. तेवढ्यात सुमंतसाहेब धावत आले. पांढऱ्या पँटला चिखल लागेल याचीही पर्वा न करता ते त्याच्याजवळ खाली बसले आणि त्याचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

“बूट काढू नकोस, मच्छिंद्र,” ते म्हणाले. “काढलास की पाय फुगेल आणि उद्या आत जायचा नाही. उद्याचा दिवस तेवढा निभाव. जागा तुझीच आहे, मी डेपोच्या मोठ्या साहेबांशी बोललोय.”

मित्रांनो, सुमंतसाहेब एकटेच असं बोलत होते असं समजू नका. संघातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बुटातला पाय सुजत नाही, हे तिथे प्रत्येकजण प्रत्येकाकडून ऐकून होता. गोलरक्षक महमूदलाही ते खरं वाटलं. महमूद मच्छिंद्रचा जिवलग होता. त्याच्याच खांद्यावर हात टाकून मच्छिंद्र घरी निघाला. वाटेत छगनचं दुकान लागलं. छगनने वाकून घोटा चाचपला, मडकं आणलं आणि माझ्यावर गार पाणी ओतलं. सूज बसेल म्हणाला. रात्री आणखी दोनदा पाणी ओता, असंही त्याने सांगितलं. ओलं कातडं वाळलं की काय करतं हे ज्याला साऱ्या भिंगारात सर्वांत चांगलं ठाऊक होतं, त्यानेच मला भिजवलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्यालाही कप हवा होता.

रात्रभर पाय माझ्या आत फुगत राहिला. त्याला जागा हवी होती आणि ती देणं माझ्या हातात नव्हतं. मी कातडं आहे. घट्ट बसायचं एवढंच मला शिकवलं होतं आणि त्यासाठीच माझं कौतुक झालं होतं.

सकाळी ऊन पडलं, ऑक्टोबरचं ते चटका देणारं ऊन. चिखल वाळून पांढरा झाला आणि त्याबरोबर मीही वाळू लागलो. मच्छिंद्र आडोशाबाहेर पाय पसरून बसला होता. त्याचे ओठ कोरडे पडले होते. गाठीपर्यंत वाकायचं म्हटलं तरी त्याला कळ येत होती. केशरबाई भारे बांधत होती. त्याने तिला हाक मारली.

“आई, गाठ सोड. लई कळ मारतीया. सोड तेवढी.”

केशरबाई आली आणि माझ्यापुढे उकिडवी बसली. तिने चिखल खरवडून नाडीचा तो दडवलेला शेवट बरोबर शोधला आणि चिमटीत धरला. नाडी फक्त ओढायची बाकी होती. मग तिने मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. शुक्रवारच्या पावसाने भिजलेलं अंथरूण त्यावर वाळत टाकलेलं होतं.

“येवढा आजचा दीस काड, लेकरा,” ती म्हणाली. “एकदा खोली मिळू दे. मग म्या सोडते.”

तिने नाडीचा शेवट होता तसा आत खोचला आणि ती पुन्हा गवताकडे गेली. तिचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणेल तर मी त्याच्या तोंडावर बसेन. पण ओढायची होती ती नाडी तिने ओढली नाही, हेही तितकंच खरं आहे.

दुपार व्हायच्या आत कळ थांबली. अगदी एकाएकी. मच्छिंद्रचा चेहरा उजळला. “आई, ऱ्हायलं बघ,” तो म्हणाला. केशरबाईने धावत येऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. महमूद आला, त्यालाही हायसं वाटलं. सुमंतसाहेब स्वतः चौकशीला आले आणि आपण सांगितलं तेच कसं बरोबर ठरलं ते त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. त्या अंगणात मी एकटाच होतो ज्याला खरं काय ते कळत होतं. सकाळपर्यंत पायाची बोटं आतून मला ढकलत होती. आता ती ढकलत नव्हती. उन्हाने माझं कातडं तापलं होतं आणि आतला पाय मात्र गार पडत चालला होता.

संध्याकाळी सगळं भिंगार मैदानाभोवती गोळा झालं होतं. समोर सोल्जरांचा संघ होता. मच्छिंद्र गोलापुढे जाऊन उभा राहिला. त्याला जमीन कळत नव्हती. पाय टेकला की नाही हे तो खाली बघून ठरवत होता. तरी इतक्या वर्षांची डोळ्यांची सवय कामाला आली. समोरचा कुठे वळणार हे तो आधीच ओळखायचा आणि नुसता तिथे जाऊन उभा राहायचा. लोक म्हणत होते की आज कुलूप जागचं हलतही नाही, तरी कुणाची पुढे जायची हिंमत नाही. लोक खूश होते. तो हलत का नाही, हे कुणी विचारलं नाही.

आमच्या बन्सीने एक गोल केला. बन्सी पुढच्या फळीत खेळायचा. मग अगदी शेवटी सोल्जरांचा एक जोरदार फटका थेट गोलाकडे आला. महमूद दुसऱ्या बाजूला पडला होता. गोल मोकळा होता. मच्छिंद्रने मला मध्ये घातलं. चेंडू माझ्यावर आदळला आणि बाहेर गेला. सगळं मैदान ओरडलं आणि मच्छिंद्र गोंधळून खाली बघू लागला, चेंडू कुठे गेला म्हणून. त्याला लागलेलं कळलंच नव्हतं. लोकांना ती त्याची ऐट वाटली आणि ते आणखी जोरात ओरडले.

कप मिळाला. मच्छिंद्रला बन्सीने आणि बाकीच्यांनी खांद्यावर घेतलं, पुढे हलगी लावली आणि बाजारातून मिरवणूक काढली. मला खाली उतरवा, असं तो दोनतीनदा म्हणाला, पण हलगीत कुणाला ऐकू गेलं नाही. ज्यांना गेलं त्यांना वाटलं लाजतोय. मी बन्सीच्या छातीवर आपटत होतो. शेवटी महमूदने सहज आधारासाठी त्याची पोटरी धरली आणि तो थबकला. माझ्या काठाच्या वर पोटरी तव्यासारखी तापली होती. त्याने मच्छिंद्रला खांद्यांवरून अक्षरशः ओढून उतरवलं आणि छगनच्या दुकानात फळीवर बसवलं.

दिवेलागण झाली होती. छगनने गाठ सोडायला घेतली, ती त्याला सुटेना. नाडी कापावी तर ती फुगलेल्या पायावर इतकी रुतली होती की रापीचं टोक खाली जाईना. मग त्याने मला कुशीतून, वरपासून तळव्यापर्यंत कापलं. चीर सरळ गेली. मी उघडलो आणि पाय दिसला. तो कसा होता ते मी तुम्हाला सांगणार नाही. हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला, एवढं सांगतो. पुढे असलेली माणसं मागे सरकली. सुमंतसाहेबांनी कप छातीशी धरला होता. ते म्हणाले की सूज आहे, उतरेल, आणि कप मोठ्या साहेबांना दाखवायचा आहे म्हणून ते निघून गेले.

महमूद त्याला टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन गेला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हे मला छगनच्या दुकानात बसल्याबसल्या ऐकून कळलं, कारण मी तिथेच फळीखाली पडलो होतो. भिंगारात दोन दिवस हळहळ झाली. मग दसरा आला.

सुमंतसाहेब दवाखान्यात जाऊन आले. केळी घेऊन गेले होते. जागेचा विषय त्यांनी स्वतःच काढला. स्टोअरमध्ये शिडीवर चढावं लागतं, माझ्या हातात असतं तर मी नाही म्हटलं असतं का, असं ते म्हणाले. त्यांनी त्याच्या तोंडाला पानं पुसली आणि तीही इतक्या गोड बोलून की मच्छिंद्रनेच त्यांची समजूत घातली. जागा बन्सीला मिळाली. खोलीही बन्सीला मिळाली. ती पत्र्यापासून फार लांब नव्हती. भारा डोक्यावर घेऊन जाताना केशरबाईला रोज तिच्या दारावरून जावं लागे.

तुम्हाला वाटेल आता माझं काम संपलं. नाही. पुढच्या हंगामात संघाचे सामने जाऊ लागले. नवा बॅक म्हणजे उघडं दार होता. मग संघात कुणीतरी म्हणालं की मच्छिंद्रला नजर लागली होती, तीच आता सगळ्या संघाला भोवते आहे. गाडीच्या मागे, नव्या घराच्या चौकटीला जुनं पायताण उलटं टांगतात हे तुम्ही पाहिलं असेल. सुमंतसाहेबांनी मला छगनकडून मागून नेलं आणि काळा दोरा बांधून गोलाच्या खांबाला उलटं टांगलं. महमूद त्यावरून त्यांच्याशी भांडला, बूट ज्याचा आहे त्याला द्या म्हणाला. पुढच्या सामन्यापासून गोलात दुसरा माणूस उभा राहू लागला.

मच्छिंद्र सामने बघायला यायचा. कुबडी घेऊन तो गोलामागे बसायचा. त्याच्या डाव्या पायात माझा जोडीदार असायचा, सगळं वजन एकट्याने पेलून टाचेला झिजलेला. सुरुवातीला लोक त्याला बसायला जागा करून देत. मग कुबडी आड येते म्हणून त्याला कडेला सरकायला सांगू लागले. एकदा नव्या बॅकला चकवून समोरच्यांनी गोल केला तेव्हा कुणीतरी ओरडलं की कुलपाला बोलवा. दुसरा म्हणाला, “अर्धंच हाय ते आता.” सगळे हसले. मच्छिंद्रही हसला. मी वर उलटा लटकत होतो आणि मला त्याचा चेहरा उलटा दिसत होता. तरी ते हसू नव्हतं हे मला कळलं.

अशी वर्षं गेली. लढाई संपली, गोरे गेले, झेंडा बदलला. सुमंतसाहेब पेन्शन घेऊन पुण्याला लेकाकडे गेले आणि जाताना कपही घेऊन गेले. डेपोचा संघ मोडला. मैदानात गवत वाढलं. मला खांबावरून काढायचं कुणाला सुचलं नाही.

त्या वाढलेल्या गवतासाठी एका दुपारी केशरबाई विळा घेऊन मैदानात आली. कापता कापता ती खांबापाशी पोचली आणि तिने वर पाहिलं. इतकी वर्षं ती मैदानाकडे फिरकली नव्हती. मग विळ्याने तिने दोरा तोडला. मी खाली पडलो. तिने मला पदराखाली घेतलं आणि गवत तिथेच टाकून ती घरी आली. घर म्हणजे तोच पत्रा.

मच्छिंद्र बाहेर बसून भारे बांधत होता. आता तोच बांधायचा. तिने मला त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं. माझी कूस उघडी होती, आत कोळ्यांनी जाळी केली होती, पण वरची गाठ मात्र त्या शनिवारी त्याने मारली होती तशीच होती. छगनला ती सुटली नव्हती आणि नंतर कुणी प्रयत्नही केला नव्हता. केशरबाईने तांब्या आणला आणि गाठीवर पाणी ओतलं. मग बोटाने चाचपत तिने नाडीचा शेवट शोधला.

“आई, आता कशाला?” मच्छिंद्र म्हणाला.

“तवा सोड म्हनला हुतास,” ती म्हणाली.

तिने नाडी ओढली. गाठ एका हिसक्यात सुटली.

मित्रांनो, मला जे सांगायचं होतं ते एवढंच. कुणी तुम्हाला म्हणालं की दुखतंय, सोड, तर त्याची गाठ आधी सोडा. कप, खोली, उद्याचा सामना, सगळं मागाहून बघा. आणि दुखायचं थांबलं असं तो म्हणाला तर तेवढ्यावर खूश होऊ नका, हात लावून बघा. केशरबाईने त्या दुपारी माझी नाडी शेवटच्या छिद्रापर्यंत काढली, मला दोन्ही हातांनी उघडं केलं आणि आत पाय नाही हे पुन्हा एकदा पाहिलं.